रद्दी की खजिना?

मुलांनो, तुमचे पेपर तपासून गुण देणं हे माझं नेहमीचंच काम. पण जुन्या मासिकांनाही गुण देतात, हे ठाऊक आहे का तुम्हाला? तेही दहापैकी!

त्याचं असं झालं, माझ्या वर्गातला एक मुलगा पिशवी घेऊन आला. म्हणाला, "बाई, हे आजोबांचे 'चांदोबा'. शनिवारी रद्दीवाला येणार आहे. ह्यातलं काही ठेवायचं का?" पिशवीत तेवीस अंक होते. मग काय, आम्ही सगळे परीक्षकच झालो!

आधी अंक दुर्मिळ आहे का, ते बघायचं. 'चांदोबा' मराठीत 1952 साली सुरू झाला आणि 2013 मध्ये बंद पडला. म्हणजे आता घराघरांत उरलेत तेवढेच अंक! पण जुनं ते सगळंच महाग, असं मात्र नाही बरं का. अमेरिकेचं 'नॅशनल जिऑग्राफिक' 1888 पासूनचं. पण लोकांनी ते इतकं जपून ठेवलं, की त्याच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या अंकांनाही सहसा फारशी किंमत येत नाही. उलट तिथली कॉमिक्स मुलांनी वाचून वाचून फाडली, उरलेली रद्दीत गेली. 1938 साली ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला, तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक तेव्हा दहा सेंटना मिळे. त्याची एक प्रत 2024 साली लिलावात 60 लाख डॉलरला गेली! तिला दहापैकी साडेआठ गुण होते.

ह्या गुणांची एक गंमत सांगते. कॉमिक्सच्या बाजारात 'गुड' म्हणजे दहापैकी फक्त दोन! 'फाइन' म्हणजे सहा. तेव्हा विकणारा "गुड आहे" म्हणाला, तर हुरळून जाऊ नका.

आता तपासायचं कसं?

1. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दोन्ही आहेत ना?
2. पानं मोजा. मधलं जोडपान बरेचदा पिनांतून सुटून हरवतं.
3. कुणी चित्र कापलंय का? कोडं पेनाने सोडवलंय का?
4. पिना गंजल्यात का? पाठ उसवली आहे का?
5. कागद पिवळा पडून कडा तुटताहेत का?

प्रत्येक दोषाला गुण कमी करायचे. अंक कुठला, किती दुर्मिळ आणि गुण किती, ह्यावरून किंमत ठरते. पालकांनो, विक्रेता सांगतो ती किंमत नव्हे. तसाच अंक प्रत्यक्षात कितीला विकला गेला, ते विचारा. दोन-तीन ठिकाणी चौकशी करा.

आणि एक चूक करू नका. ती मी केली आहे! वडिलांनी जमवलेले 'किशोर'चे अंक मी हौसेने बाइंडिंगला दिले. बाइंडरने मुखपृष्ठं काढून टाकली, कडा सरळ कापल्या. खंड दिसायला झकास. पण जमवणाऱ्याच्या लेखी अंक अपुरे झाले. फाटलेल्या पानाला चिकटपट्टीही लावू नका. तिचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होतो आणि कागदात मुरतो. अंक कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा, एवढं पुरे.

आमच्या निकालात फक्त तीन अंकांना सहाच्या वर गुण मिळाले. एकाला तर दीडच! मलपृष्ठ गायब, कोडी सोडवलेली आणि पहिल्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरात आजोबांचं नाव: "इयत्ता चौथी". त्या मुलाने पिशवीत सर्वांत वर ठेवला तो हाच अंक.

शनिवारी रद्दीवाला आला आणि वर्तमानपत्रं तेवढी घेऊन गेला.

तुमच्या माळ्यावर काय आहे? वही-पेन्सिल घ्या आणि चढा बघू! आणि हो, शिडी धरायला मोठ्या माणसांना बोलवा.