घरचा साबण : तेल, पाणी आणि माप

तेल किंवा चरबीची कॉस्टिक सोड्याशी अभिक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. कारखान्यात हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढले जाते. घरी थंड पद्धतीने केलेल्या साबणात ते तसेच राहते.

प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला ०.१८३ ग्रॅम, करडईच्या तेलाला सुमारे ०.१३७ ग्रॅम आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. म्हणून ३०० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम करडई आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतल्यास पूर्ण अभिक्रियेसाठी ८२ ग्रॅम सोडा लागेल. त्यातून पाच टक्के कमी करून ७८ ग्रॅम घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि साबण त्वचेला सौम्य होतो. पाणी सुमारे १६० ग्रॅम. सगळे वजन डिजिटल काट्यावरच करावे. वाटी-चमच्याचे माप इथे चालत नाही.

तेलांची निवड पाण्यावरही ठरते. अहिल्यानगर जिल्ह्यात अनेक ठिकाणी विहिरी आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरट चोथा बनवतात आणि फेस मरतो. खोबरेलाचा साबण अशा पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो, म्हणून त्याचे प्रमाण जास्त ठेवावे. करडई हे जिल्ह्यातील रब्बीचे जुने तेलबी पीक. पण त्याचे तेल लवकर खवट होते, तेव्हा ते मर्यादेतच घालावे.

कृतीत पहिला नियम सुरक्षिततेचा. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत, मुलांपासून दूर काम करावे. सोडा हळूहळू पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. मिश्रण लगेच खूप तापते. भांडे स्टीलचे असावे; ॲल्युमिनियमशी सोडा अभिक्रिया करून हायड्रोजन वायू सोडतो. अंगावर थेंब उडाल्यास ती जागा भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावी.

द्रावण आणि तेल दोन्ही सुमारे ४० अंशांवर आले की एकत्र करून घोटावे. पळीतून सोडलेली धार पृष्ठभागावर रेघेसारखी उमटू लागली की मिश्रण साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांत वडी घट्ट होते. ती कापून हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवावी. या काळात पाणी उडून वडी टणक होते आणि टिकाऊ बनते.

पाण्याऐवजी शेळीचे दूधही वापरता येते. संगमनेर परिसरावरून नाव पडलेली संगमनेरी शेळी याच जिल्ह्यातली. दूध आधी गोठवून त्यात सोडा थोडा-थोडा मिसळावा, नाहीतर दुधातील साखर करपून साबण तपकिरी होतो.

घरापुरता साबण हा छंद. पण विक्री करायची असल्यास तो सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतो आणि त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.