पेनड्राइव्हवरच्या लिनक्सची स्मरणशक्ती

सौंसर हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, संत्र्याच्या बागांचं गाव. 2023 पासून ते मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. घरात मराठी, सरकारी कारभार हिंदीत. इथल्या मुलाला कॉलेजच्या लॅबमध्ये मराठी टाइप करायचं असेल, तर कीबोर्डची जुळवाजुळव त्यालाच करावी लागते, आणि मशीन दुसऱ्याची असल्याने ती जुळवाजुळव उद्या टिकेल याचा भरवसा नसतो. अशा माणसाला पेनड्राइव्हवरचं लिनक्स उपयोगी पडतं. हार्ड डिस्कला हात न लावता कॉम्प्युटर थेट त्यावरून सुरू होतो.

ही कल्पना लोकप्रिय केली ती क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याच्या ‘क्नॉपिक्स’ने, 2000 साली, सीडीवरून. सीडीवर काही लिहिता येत नसे, त्यामुळे केलेले बदल रॅममध्ये राहत आणि मशीन बंद झाली की जात. पेनड्राइव्हवर लिहिता येतं, तरीही साधं ‘लाइव्ह’ लिनक्स तसंच विसरभोळं असतं. कारण मूळ प्रणाली एका घट्ट दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये बंद असते.

यावरचा उपाय म्हणजे नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर खुणा करणं. खाली मूळ प्रणाली, वर पेनड्राइव्हचा लिहिता येणारा भाग, आणि वापरणाऱ्याला दोन्ही मिळून एकच दिसतं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 2014 साली आलेलं ‘ओव्हरले-एफएस’ हेच करतं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड एकदा निवडला की तो वरच्या थरात नोंदला जातो आणि पुढच्या वेळी तयार मिळतो.

गंमत पुढे आहे. मूळ प्रणालीतला एखादा प्रोग्राम काढून टाकलात, तर जागा मोकळी होत नाही. वरच्या थरात फक्त ‘ही फाइल दाखवू नको’ अशी खूण पडते. खालच्या फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी अख्खी फाइल वर उतरवली जाते. म्हणून ‘सगळं अपडेट करा’ हे बटण इथे महागात पडतं. जुनं खाली तसंच राहतं, नवं वर साठतं आणि थर भरून जातो. शिवाय नवा कर्नल उतरवला तरी बहुधा जुनाच सुरू होतो, कारण बूट होताना तो पेनड्राइव्हच्या मूळ, न बदलणाऱ्या भागातून उचलला जातो.

बसवणं अवघड नाही. विंडोजवर ‘रूफस’मध्ये एक पट्टी सरकवून उबंटू किंवा डेबियनसाठी हा लिहिता येणारा भाग करता येतो. हाताने करणार असाल तर डेबियनमध्ये त्या भागाचं नाव ‘पर्सिस्टन्स’ (persistence) असंच ठेवावं लागतं. स्पेलिंग चुकलं तर तक्रार न करता विसरभोळी प्रणालीच सुरू होते, आणि माणूस विनाकारण पेनड्राइव्हला दोष देत बसतो.

खरा दोष वेगळा आहे. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, आणि प्रणाली लहानसहान नोंदी सतत लिहीत असते. त्यातच लिहिणं चालू असताना लाइट गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला, तर वरचा थर बिघडू शकतो.

तेव्हा लॅबच्या मशीनवर वापरायचं तर आधी परवानगी घ्या, यूएसबी 3.0 चा पेनड्राइव्ह वापरा आणि आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. रोजचं सगळं काम त्यावरच करायचं असेल, तर या थरांच्या भानगडीत पडू नका; बाहेरून जोडायच्या एसएसडीवर लिनक्स सरळ पूर्ण इन्स्टॉल करा.