काळ्या चौकटीच्या आधीचा अंक

रद्दीवाल्याला मी सांगून ठेवलंय, काळ्या चौकटीचा, नेत्याच्या हत्येच्या बातमीचा पेपर सापडला तर त्याच्या मागचे-पुढचे दिवसही गठ्ठ्यातून सुटे करू नकोस. तो हसतो. बाकीच्यांना फक्त पहिलं पान हवं असतं, भिंतीवर लावायला.

मी जुना कंपोझिटर. सोलापुरात खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून हत्येच्या बातमीत मला आधी दिसतं ते घड्याळ. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी, सव्वापाचच्या सुमारास. रात्रपाळीच्या हातात वेळ होता, त्यामुळे शनिवारचे अंक बातमीने भरलेले मिळतात. कलकत्त्याच्या ‘हिंदुस्थान स्टँडर्ड’ने मात्र अग्रलेखाचं पान जवळजवळ कोरं सोडलं, मधोमध तेवढा एक छोटा मजकूर. एवढी जागा मोकळी सोडायला संपादकाची छाती लागते!

राजीव गांधी गेले २१ मे १९९१ च्या रात्री, दहा वाजून गेल्यावर, श्रीपेरुंबुदूरला. माझ्याकडच्या २२ मेच्या एका अंकात त्याचा पत्ताच नाही. बाहेरगावची आवृत्ती आधीच छापून गाडीवर चढली होती, पहिल्या पानावर निवडणुकीच्या सभा. असा अंक लोक टाकून देतात. मी पैसे मोजून घेतला.

इंदिराबाईंच्या वेळी वेगळंच झालं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी नऊनंतर गोळीबार झाला, तेव्हा पेपर घरोघर पोचले होते आणि त्यांत त्यांचं आदल्या दिवशीचं भुवनेश्वरचं भाषण होतं. मृत्यूची बातमी बीबीसीने आधी दिली, आकाशवाणीने संध्याकाळी. आम्ही एकपानी जादा अंक काढला. मोठ्या टाइपाचे खिळे मोजकेच. मथळा काय द्यायचा हे संपादकापेक्षा खिळ्यांची केस ठरवायची. ते कागद हातोहात फिरून चुरगळले, त्यामुळे आज नेहमीच्या अंकापेक्षा दुर्मीळ झालेत.

१९४८ चा संच मात्र २१ जानेवारीपासून लावावा. आदल्या दिवशी बिर्ला भवनातल्या गांधीजींच्या प्रार्थनासभेत हत्येच्या कटातल्या मदनलाल पाहवाने स्फोट केला होता. पुढे १२ फेब्रुवारीचं प्रयागचं अस्थिविसर्जन, १० फेब्रुवारी १९४९ चा हत्येच्या खटल्याचा निकाल, १५ नोव्हेंबरला अंबाल्याच्या तुरुंगातली दोषींची फाशी. सोलापूरच्या रद्दीत मराठीबरोबर तेलुगू, कानडी, उर्दू अंकही निघतात. मला तेलुगू येत नाही. शहराच्या पूर्व भागातला एक विणकर मित्र तारीख वाचून देतो आणि वर जाहिरातीही वाचून दाखवतो.

या कागदाचा खरा वैरी त्याच्याच पोटात असतो. स्वस्त लगद्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं, आम्लाने कागद ठिसूळ होतो, आणि आमचा चाळिशीपारचा उन्हाळा उरलंसुरलं काम करतो. आधी तुटते ती घडी. म्हणून अंक उलगडून, सपाट, अंधारात ठेवावा. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही.

विकत घेताना पान उलटं करून पाठीवरून बोट फिरवावं. खिळ्यांची छपाई असेल तर पुष्कळदा अक्षराचा उठाव बोटाला लागतो. नंतरची ऑफसेटची नक्कल गुळगुळीत असते. फक्त पहिलंच पान असेल आणि मागची बाजू कोरी असेल, तर पाकीट खिशातच राहू द्यावं.

२१ जानेवारी १९४८ चा सोलापुरात छापलेला अंक मला अजून मिळालेला नाही. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत तळाला अंथरलेला असेल, तर झटकून काढू नका. मी ट्रंकेपाशी येऊन बघेन.