सकाळच्या शिंका: दोष कुणाचा?

गिरगावातली चाळ असो की परळ-लालबागचा टॉवर, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, चोंदलेलं नाक आणि पावसाळ्यात रात्री छातीत घरघर, ही तक्रार घरोघरी आहे. त्याची सांगितली जाणारी कारणं मात्र बरेचदा चुकीची असतात.

गैरसमज: अ‍ॅलर्जी रस्त्यावरच्या धुळीनेच होते.
वस्तुस्थिती: रस्त्यावरच्या धूळ-धुराने नाक चुरचुरतं, दमाही वाढतो. पण अ‍ॅलर्जीचं मोठं कारण अंथरुणात असतं. तिथल्या धुळीत जेमतेम ०.३ मिलिमीटरचे माइट नावाचे जीव आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात. ते चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं श्वासातून आत जातात. मुंबईची दमट हवा त्यांना मानवते. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत.

गैरसमज: लालबागच्या मसाला बाजारात शिंका आल्या, म्हणजे मिरचीची अ‍ॅलर्जी.
वस्तुस्थिती: मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या नसांना झोंबतं, ठसका कुणालाही लागेल. अ‍ॅलर्जीत शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजून त्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार करतं.

गैरसमज: कोळंबी नीट शिजवली की बाधत नाही.
वस्तुस्थिती: कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं. त्याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन माइट आणि झुरळांतही असतं, म्हणून काहींना या सगळ्यांचाच त्रास होतो. पापलेट-बांगड्यातलं अ‍ॅलर्जी आणणारं मुख्य प्रथिन वेगळं आहे. कोळंबी बाधते म्हणून सरसकट मासे सोडू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज: अ‍ॅलर्जीची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तो पदार्थ बंद.
वस्तुस्थिती: या चाचणीत हातावर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि १५-२० मिनिटं थांबतात. तिथे किमान ३ मिलिमीटरची गांध उठली, तर शरीर त्या गोष्टीला ओळखतं एवढंच कळतं. ती खाल्ल्यावर वा हुंगल्यावर खरोखर त्रास होत असेल, तरच ती अ‍ॅलर्जी.

गैरसमज: दम्याच्या पंपाची सवय लागते.
वस्तुस्थिती: सवय लागत नाही. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, एका गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम. म्हणजे २० ते ४० पट. फवारा थेट श्वासनलिकेत पोचतो, म्हणून थोडक्यात भागतं. मात्र हा पंप वरचेवर लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांना भेटावं.

रोजच्या शिंका आणि रात्रीची घरघर अंगावर काढू नका. वेळीच निदान झालं, तर अ‍ॅलर्जी आणि दमा दोन्ही आटोक्यात ठेवता येतात.