नांदेडच्या पोरीला गोळी का मिळेना? काडतूस टंचाईची गोष्ट

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे", "अं" आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल चालवली. पॉइंट टू टू म्हणजे .22 इंच व्यासाची गोळी. प्रत्येकाला पाच गोळ्या. पोटावर झोपायचं, श्वास धरायचा, पाच वेळा ट्रिगर दाबायचा, संपलं. माझी एक गोळी तर टार्गेटच्या कागदालाही लागली नाही. पण लक्षात राहिलं ते नंतरचं. उस्तादांनी सगळ्यांना गवतात वाकवलं आणि रिकाम्या पितळी पुंगळ्या शोधायला लावल्या. पाच दिल्या, पाच परत. एक सापडेना, तर अख्खी तुकडी अर्धा तास गवत चाळत बसली. तेव्हा वैताग आला होता. एका रिकाम्या पुंगळीला एवढी किंमत का, ते या वर्षी कळलं.

मामेबहिणीचा फोन

माझी मामेबहीण नांदेडला असते. अकरावीत आहे, दहा मीटर एअर रायफल खेळते. गेल्या वर्षी तिचा स्कोअर चांगला वाढला आणि कोच म्हणाले, आता 50 मीटरची तयारी सुरू कर. 50 मीटर म्हणजे पॉइंट टू टू, म्हणजे खरं काडतूस. त्यासाठी ती आणि मामा पुण्याकडच्या एका क्लबात जाऊन यायचे. नांदेड-पनवेल एक्स्प्रेस रात्री लातूरवरून जाते, म्हणून मी स्टेशनवर डबा घेऊन उभा असायचो. दोन मिनिटांची भेट, भाकरी-पिठल्याचा डबा आत, गाडी पुढे.

तिसऱ्या खेपेला परतीच्या गाडीतून तिचा फोन आला. आवाज पडलेला.

"दादा, वीसच गोळ्या दिल्या. म्हणाले, माल आला नाही. जुन्या खेळाडूंनाच पुरत नाहीत."

एवढा रात्रभराचा प्रवास, आणि वीस गोळ्या! मामांनी फोन घेतला. "आरं, खताचं होतंय तसंच झालंय बघ. पेरणी तोंडावर आली की डीएपी गायब. ज्याच्या घरात पोती हायती त्याची पेरणी होती, बाकीचे दुकानाम्होरं रांगंत."

मामांचं हे एक वाक्य अख्ख्या एपिसोडपेक्षा भारी आहे. पण टंचाई नेमकी कुठून सुरू होते, ते उलगडून बघू.

छर्रा वेगळा, काडतूस वेगळं

आधी एक गोंधळ मिटवू. एअर रायफलमध्ये जातो तो छर्रा, म्हणजे पेलेट. 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छोटा तुकडा. त्यात दारू नसते, हवेच्या दाबानं तो सुटतो. ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्र परवानाही लागत नाही. पण स्पर्धेचे चांगले छर्रे बरेचसे जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकातून येतात. त्यामुळे नांदेडच्या खेळाच्या दुकानात क्रिकेटच्या बॅटी भिंतभर लटकलेल्या असतात, आणि छर्र्याची डबी मागितली की "मागवावी लागंल" असं ऐकू येतं.

काडतुसाचं प्रकरण वेगळंच. त्यात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, ठिणगी पाडणारं संवेदनशील रसायन म्हणजे प्रायमर, जळून वायू तयार करणारी दारू, आणि टोकाला शिशाची गोळी. चारपैकी एक जरी वस्तू बाजारातून गायब झाली, तरी बाकीच्या तीन नुसत्या पडून राहतात.

मग घरीच भरून घ्यायचं की!

हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. परदेशात बरेच हौशी नेमबाज वापरलेली पुंगळी परत भरतात. नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी. त्याला रीलोडिंग म्हणतात. तिथल्या दुकानांत त्याचं सामान वेगळ्या कप्प्यात मिळतं, आणि टंचाई आली की तो कप्पाही रिकामा होतो. कारण प्रायमर आणि दारू करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. काडतुसं कमी पडली की ते आपला माल आधी काडतुसांसाठी वापरतात, सुटा विकायला उरत नाही.

आपल्या बहिणीच्या कामाचं तर हे मुळीच नाही. पॉइंट टू टू ही रिमफायर गोळी. तिचं ठिणगीचं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं. पिन त्या कडेवर आदळते, कड चेपते, काम झालं. ती पुंगळी परत भरायची सोय नाही. आणि भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा यूट्यूब बघून कुणी डोकं चालवू नका.

टंचाईचं एक टोक आपल्या सरकीत

आता मजेशीर भाग. आजची बंदुकीची दारू म्हणजे काळी दारू नव्हे. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. 1846 मध्ये शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून तो जगासमोर आणला. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी त्यापासून कमी धुराची दारू बनवली. थोडक्यात, गोळीमागचा जोर कापसातून येतो.

कापूस म्हटल्यावर नांदेडवाल्यांचे कान टवकारले असतील! एनएचएच-44 हे कपाशीचं गाजलेलं वाण नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राचं. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, तिला लिंटर म्हणतात. शर्टाच्या धाग्याला ती निरुपयोगी, पण नायट्रोसेल्युलोजसाठी चांगला कच्चा माल.

2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि तोफगोळ्यांची मागणी प्रचंड वाढली. तोफेच्या दारूलाही हेच नायट्रोसेल्युलोज लागतं. युरोप लिंटरसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून, त्यामुळे तिकडच्या कारखानदारांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या काडतूस कंपनीनं दारूच्या जागतिक टंचाईचं कारण देत भाव वाढवले. सैन्य आणि खेळाडू एकाच रांगेत उभे राहिले की आधी कुणाला मिळणार, हे सांगायला नको.

त्याआधी 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीनं अमेरिकेत लोकांनी बंदुका आणि काडतुसांवर झडप घातली. तिथं बंदूक घेताना होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा 2019 मध्ये सुमारे 2 कोटी 84 लाख होता, 2020 मध्ये तो सुमारे 3 कोटी 97 लाखांवर गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. दुकानांची फळकुटं रिकामी झाली, रिकामी फळकुटं बघून लोक आणखी घाबरले, आणि मिळेल तेवढं घरात भरू लागले. डीएपीचं पोतं आणि तिकडची काडतुसाची पेटी, माणसाचा स्वभाव एकच.

नांदेडचा नंबर शेवटी का?

तुम्ही म्हणाल, आपल्या महाराष्ट्रात तर दारूगोळ्याचे कारखाने आहेत. आहेत ना! पुण्याजवळ खडकीचा कारखाना 1869 पासूनचा, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा. पण त्यांचं मुख्य काम सैन्य आणि पोलिसांसाठी. ऑलिंपिक दर्जाच्या स्पर्धेत खेळाडू वापरतात ती पॉइंट टू टूची गोळी प्रामुख्यानं इंग्लंड आणि जर्मनीतल्या कारखान्यांतून येते.

ती आयात करायची तर परवानगी लागते. राष्ट्रीय रायफल संघटना खेळाडूंसाठी माल मागवते, आणि ठरावीक दर्जा मिळालेल्या नेमबाजांनाही आयात करता येते. कुणी किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा ठरलेली आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं खेळाडूंसाठी ती वाढवली. पण दर्जा वरचा तर मर्यादाही वरची. हे चूक आहे असं मी म्हणत नाही. काडतूस म्हणजे काही बिस्किटाचा पुडा नाही, हिशोब ठेवलाच पाहिजे.

पण याचा परिणाम बघा. माल मुबलक असतो तेव्हा सगळ्यांना मिळतो. तुटवडा आला की ज्यांच्याकडे साठा आहे, ओळख आहे, दर्जा आहे, त्यांचा सराव चालू राहतो. ज्याला अजून दर्जा मिळवायचाय, त्याचा थांबतो. आणि दर्जा मिळवायचा तर स्कोअर लागतो, स्कोअरसाठी सराव लागतो, सरावाला गोळ्या लागतात. फिरून पहिल्याच दाराशी!

साधा हिशोब करू. एका सत्राला 80 गोळ्या, आठवड्याला चार सत्रं. म्हणजे आठवड्याला 320 आणि वर्षाला 16 हजारांवर. माझ्या बहिणीला त्या खेपेला मिळाल्या वीस.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. प्रत्येक बॅचची गोळी किंचित वेगळी असते आणि प्रत्येक नळीला वेगळी बॅच मानवते. म्हणून मोठे खेळाडू वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून तपासतात आणि जमलेला लॉट एकदम घेऊन ठेवतात. टंचाईत नवख्या पोरीला जे हातात पडेल ते. आज एक लॉट, पुढच्या महिन्यात दुसरा. गोळी बाहेर गेली तर हात हलला की गोळी वेगळी होती, हेच कळत नाही. शिकणाऱ्याचं खरं नुकसान तिथं होतं.

मग करायचं काय?

स्वप्नील कुसाळे आठवतो ना? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वडील शिक्षक, मुलाच्या खेळासाठी त्यांनी कर्ज काढलं. पण त्याच्यामागे सरकारची क्रीडा प्रबोधिनी होती आणि पुढे रेल्वेची नोकरी होती. गुणवत्ता गावातच असते, पण गोळ्यांचा पुरवठा कुणीतरी उभा करावा लागतो.

आपल्या हातात काय आहे, ते मी तीन-चार कोचना विचारून सांगतो.

एक, ड्राय प्रॅक्टिस. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासून, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा. गोळी शून्य. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये त्याची सोय असते. पॉइंट टू टूवर मात्र कोचला विचारल्याशिवाय नको, पिन किंवा नळीची कड खराब होऊ शकते.

दोन, वही. प्रत्येक डबीचा लॉट नंबर आणि त्या दिवसाचा स्कोअर लिहायचा.

तीन, मागणी एकट्यानं करायची नाही. नांदेड, लातूर, परभणीच्या खेळाडूंनी जिल्हा संघटनेमार्फत वर्षाची गरज आधीच एकत्र लेखी कळवायची. एका पोरीच्या वीस गोळ्या कुणाच्या लक्षात येत नाहीत, चाळीस पोरांची यादी येते.

चार, आडमार्ग नको. "भाऊ, माझ्याकडं आहेत थोड्या" म्हणणारा भेटेल. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस बॅगेत सापडलं तरी गुन्हा दाखल होतो. रीलसाठी कट्टा हातात घेणाऱ्यांचं काय होतं, ते तुम्ही बातम्यांत बघताच. खेळाडूचं तर करिअरच संपतं.

शेवटी

मागच्या रविवारी नांदेडला गेलो होतो. बहिणीच्या खोलीत भिंतीवर काळा ठिपका, जमिनीवर खडूची रेघ. मामी म्हणाल्या, रोज रात्री पाऊण तास चालतं, टीव्हीचा आवाजही बंद करायला लावती. मामांना वाटतं, आता नीटच्या क्लासकडं बघावं. चूक कसं म्हणू? लातूर-नांदेडमध्ये क्लासची सीट मिळते, गोळी मिळत नाही.

तिला विचारलं, काय ठरवलंस?

"यंदा एअरच खेळायले बघ दादा. पॉइंट टू टूचं पुढच्या साली. तवर हात तरी स्थिर करते."

टेबलावर एक छोटी डबी होती. उघडली तर त्या दिवशीच्या वीस गोळ्यांपैकी एक रिकामी पुंगळी. क्लबच्या सरांना विचारून, आठवण म्हणून आणलेली. मला एनसीसीचं ते गवत आठवलं.

तुमच्या गावात कुणी नेमबाजी शिकतंय का? छर्रे, गोळ्या कुठून मिळवता, किती थांबावं लागतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, एपिसोड आवडला तर शेअर करा, विशेषतः तुमच्या शाळेच्या पीटीच्या सरांना. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!