दारची जास्वंद : आधी कीड ओळखा, मग औषधाचे बघा



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांविषयी वाचता. या खेपेला विषय दारातल्या जास्वंदीचा आहे. ऊस सोडून हे मध्येच काय, असे कोणास वाटेल. पण गटात फिरताना प्लॉटची पाहणी आटोपून सभासदाच्या घरी चहाला टेकले, की घरातल्या माउलींचा प्रश्न हमखास येतो, "साहेब, उसाचं झालं, आता आमची जास्वंद बघा. कळ्या गळतात, शेंडे गोळा झालेत." त्यापाठोपाठ दुसरे वाक्य येते, "मालकांनी रानातलं उरलेलं औषध मारलं, तरी काय फरक नाही."

हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

झाड काय सांगते ते वाचा

जास्वंद, भेंडी, कापूस आणि अंबाडी ही एकाच कुळातली भावंडे. त्यामुळे भेंडी-कापसावरच्या किडी जास्वंदीलाही येतात. पान उलटून बघितल्याशिवाय निदान करू नये. लक्षणे अशी :

१) कोवळ्या शेंड्यावर व कळ्यांवर हिरवट, पिवळसर किंवा काळपट बारीक किड्यांची दाटी, पाने चिकट : हा मावा.

२) झाड हलवले की पांढरे इवले जीव भुर्रकन उडतात आणि पुन्हा पानाखाली बसतात : ही पांढरी माशी.

३) पानावर बारीक फिकट ठिपके, खालच्या बाजूस बारीक जाळी : हा लाल कोळी. याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हेच. उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्याकडेच्या झाडावर जास्त दिसतो.

४) कळीला बारीक भोक, आत अळी व विष्ठा : ही ठिपक्यांची बोंडअळी, भेंडीत दिसते तीच. कळी गळाली पण भोक नसेल आणि रसशोषक कीडही दिसत नसेल, तर आधी पाण्याचा विचार करावा. आठ दिवस कोरडे आणि नवव्या दिवशी बादलीभर पाणी, असे झाले तरी कळ्या गळतात.

५) शेंडा आखडून कोबीच्या गड्ड्यासारखा झाला, पाने मुरडली, बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका : हा पिठ्या ढेकूण. दारच्या जास्वंदीचा सर्वांत चिवट शत्रू हाच.

पिठ्या ढेकणाची रीत

शेंडा गोळा झाला की पुष्कळ जण खत कमी पडले असे समजून बुडात मूठभर युरिया टाकतात. त्याने कोवळी फूट वाढते आणि किडीला आयते ताट वाढल्यासारखे होते. वास्तविक ही कीड रस शोषताना झाडात जी लाळ सोडते, तिच्या विषाने शेंडा आखडतो.

जास्वंदीवर मुख्यतः गुलाबी पिठ्या ढेकूण येतो. काडीने चिरडला तर गुलाबी-तांबूस रस निघतो. द्राक्षबागायतदारांना सतावणारा हाच. पिवळा रस निघाला तर तो बहुधा पपईवरचा पिठ्या ढेकूण समजावा. उसाच्या कांडीवर पाचटाखाली जो गुलाबी पिठ्या ढेकूण आपण बघतो, तो निराळा. जास्वंदीवरून तो उसावर जाईल ही भीती बाळगू नये.

गुलाबी पिठ्या ढेकणाची एक मादी कापसासारख्या पिशवीत दीडशे ते सहाशे अंडी घालते. उबदार हवेत साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. बारीक पिल्ले वाऱ्याने, कपड्याला चिकटून आणि मुंग्यांमुळे पसरतात. कीड गोड चिकटा सोडते, मुंग्या तो खातात आणि बदल्यात किडीची राखण करतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढली की पान काजळी धरते. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की शेंडे तपासायला लागावे.

शत्रू समजून मित्राला मारू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस नावाचा एक भुंगेरा आहे. तो १८९८ साली ऑस्ट्रेलियातून आपल्या देशात आणला गेला. भुंगेरा काळा, डोक्याकडे नारिंगी असतो. पण त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली, हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. "बघा, केवढा मोठा झालाय," म्हणत लोक तिलाच आधी चिरडतात.

फरक सोपा आहे. पिठ्या ढेकूण सुमारे ३ मिलिमीटरचा आणि जागचा फारसा हलत नाही. ही अळी त्याच्या तीन-चार पट लांब असते आणि काडी लावली की चालू लागते. चालला तो मित्र, बसला तो शत्रू, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. तपकिरी, टणक, गोल भोक पडलेले मेलेले ढेकूण दिसले, तर तिथे परोपजीवी माशी कामाला लागली आहे असे समजावे.

मित्रकीटकांची ताकद आपल्याला नवी नाही. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पुढे महाराष्ट्र-कर्नाटकात पसरला, ते दिवस जुन्या सभासदांना आठवत असतील. पाने पांढरीफटक आणि खाली काजळी. उंच उसात फवारणारा माणूस शिरणार कसा? तेव्हा डिफाची अळी आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी मोठा हात दिला. डिफाच्या अळ्या असलेली पाने एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन बांधली जात. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोईमतूरकडे प्रथम आढळला. त्यावरही २०१० साली बाहेरून आणून सोडलेल्या एका बारीक परोपजीवी माशीनेच आळा घातला.

उपाय क्रमाने करा

पहिले : मित्रकीटक नसलेले गोळा झालेले शेंडे कापून थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकावेत व नंतर खोल पुरावेत. उकिरड्यावर फेकू नयेत, तिथून कीड पुन्हा चढते.

दुसरे : मुंग्यांची वाट बंद करावी. खोडाला कागदाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावे, सालीवर थेट लावू नये. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्या तिकडून येतात.

तिसरे : मावा व पांढऱ्या माशीसाठी सकाळी पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पुष्कळदा एवढ्यावर भागते.

चौथे : निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळी पावडर पुरचुंडीत बांधून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, थोडा साबणाचा चुरा मिसळून संध्याकाळी फवारावी. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे, कारण कापसाच्या पिशवीतली अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात.

पाचवे : दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी या उपयुक्त बुरशीची पावडर लिटरला ५ ग्रॅम घेऊन उन्हे उतरल्यावर फवारावी.

रानातले औषध दारात नको

रानातल्या औषधाने फरक का पडत नाही? कीड मेणाखाली आणि मुरडलेल्या पानात सुरक्षित असते. उघड्यावर फिरणारे मित्रकीटक आधी मरतात. मग राखणदारच मेल्यावर कीड दुप्पट जोमाने येते.

पण खरा धोका झाडाला नाही, माणसाला आहे. जास्वंदीखाली पाण्याची टाकी असते, दोरीवर कपडे असतात, शेळी बांधलेली असते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनते, म्हणजे फूलही त्यातून सुटत नाही. तेच फूल लेकरू तोडते, देवाला वाहते आणि तोच हात तोंडात घालते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती धडधाकट, कामाची माणसे होती. मग घरातल्या चार वर्षांच्या पोराचे काय होईल, याचा विचार करावा.

डब्यावरचा त्रिकोण पाहण्याची सवय लावावी. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये, मूळ डब्यातच कुलपात ठेवावे. विषबाधेची शंका आली तर घरगुती उपायात वेळ न घालवता, औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

जास्वंदीचे निदान स्वतःला जमले नाही, तर एक फांदी बंद प्लॅस्टिक पिशवीत घालून गट कार्यालयात आणावी. उसाची नोंद घेणारा आपलाच माणूस ती बघून सांगेल. त्याला काही पैसे पडत नाहीत. तोवर फवारणीचा पंप रानातच राहू द्यावा.