संगणक शिकताना, लेखांक ७ : सोळा जीबी आणि बाकीचं

मागच्या आठवड्यात कॉलेज प्रवेशाच्या कॅप फेऱ्या आणि पसंतीक्रमाचा अर्ज यांवर बोललो. जागा पक्की झाली, फी भरली, की घरात पुढचा विषय निघतो लॅपटॉपचा. तो बहुतेक घरांत उलट्या टोकाकडून निघतो : ‘कुठल्या कंपनीचा घ्यायचा?’ कंपनी हा या खरेदीतला सगळ्यात शेवटचा प्रश्न. एकाच कंपनीचे पंचेचाळीस हजारांचे आणि दीड लाखाचे लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि त्या दोघांत वरच्या झाकणावरच्या नावाखेरीज फारसं काही सारखं नसतं.

आधी एक सांगून टाकतो. कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी अभ्यासापुरता भारी लॅपटॉप लागतच नाही. ते वर्ष जवळपास सगळ्या शाखांना सारखं असतं : गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग, इलेक्ट्रिकलची तोंडओळख आणि जोडीला सी किंवा पायथन. लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही डोळ्याचं पातं लवायच्या आत कंपाइल होतो. बीसीए, बीएस्सीवाल्यांची सुरुवातही अशीच हलकी असते. घरात जुना पण धड चालणारा लॅपटॉप असेल, तर पहिलं सत्र त्यावर खुशाल काढावं.

ओझं वाढतं ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडून. तिसऱ्या वर्षात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे विषय येतात आणि मिनी प्रोजेक्ट मानगुटीवर बसतो. त्या दिवसांतली एखादी संध्याकाळ घ्या. अँड्रॉइड स्टुडिओ उघडलाय. त्याच्या पोटात ग्रेडल आपलं काम करतंय. बाजूला एम्युलेटर चालू आहे, म्हणजे लॅपटॉपच्या आत एक अख्खा फोन. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, आणि ग्रुपमधल्या चौघांचा मीटवर गलका. विंडोज ११ नुसतं सुरू झालं तरी तीनेक जीबी रॅम खाऊन बसतं. स्टुडिओ, एम्युलेटर आणि ब्राउझर यांनी प्रत्येकी दोन-तीन जीबी मागितली, की आठ जीबीचा हिशेब तिथेच बिनसतो. स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायचा तर किमान सोळा जीबी हवी, असं गूगलच सांगतं.

रॅम संपली म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. ओट्यावर जागा उरली नाही की ऑपरेटिंग सिस्टिम काही डबे उचलून कोठीत ठेवते आणि लागले की परत आणते. रॅममधली गोष्ट हाती यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून तीच यायला दहा-वीस ते शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे शेकडो ते हजार पट. म्हणून आठ जीबीचा लॅपटॉप दुकानात पंधरा मिनिटं हाताळला तर झकास वाटतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री टॅब बदलतानाही श्वास घेत बसतो. प्रोसेसर बिचारा तेव्हा रिकामाच असतो. शिव्या मात्र त्यालाच बसतात.

त्यामुळे माझा पहिला आग्रह सोळा जीबी रॅमचा. दुसरा आग्रह याहून महत्त्वाचा आणि दुकानात कुणी आपणहून न सांगणारा : ती रॅम बदलता येते का? काही लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी स्लॉटमध्ये बसवलेली असते, काहींत रॅमच्या चिप्स थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात. सोल्डर केलेली रॅम जन्मभर तेवढीच. बारीक, देखण्या लॅपटॉपांत हे सर्रास आढळतं. काहींत अर्धी रॅम बोर्डवर आणि एक स्लॉट मोकळा, असा मधला मार्गही असतो.

हे तपासायला डब्यावरची बारीक अक्षरं वाचत बसायला नको. तापकीर गल्लीत असा, लॅमिंग्टन रोडवर असा किंवा तालुक्याच्या गावातल्या शोरूममध्ये, डेमोचा लॅपटॉप चालू असतोच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ दिसते. ‘वन ऑफ टू’ असं असेल तर साधारणपणे एक स्लॉट मोकळा आहे. तिच्याखाली ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डवरच बसलेली आहे. शंका उरली तर सरळ विचारायचं : ‘दादा, रॅम ऑनबोर्ड आहे का स्लॉटवाली? वाढवली तर वॉरंटीचं काय?’ उत्तर देताना तो घुटमळला, तर त्या मॉडेलचा नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा तपशील पाहून मगच परत या.

‘आत्ता आठ घ्या, पुढे आठ टाका’ हा सल्ला कित्येक वर्षं बरोबर होता, कारण रॅम स्वस्त होत जायची. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत हे गणित फिरलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन आपल्याकडे ओढलं आणि भाव भडकले. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात ‘क्रूशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला मेमरीचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. स्लॉट मोकळा असावाच, पण त्याच्या भरवशावर आठ जीबी घेण्याआधी त्या दिवशीचा पट्टीचा भाव विचारा. पुष्कळदा सोळाचंच मॉडेल स्वस्त पडतं.

आता प्रोसेसर. इथे स्टिकरने भले भले फसतात. ‘आय७ आहे’ एवढं म्हटलं की वडिलांचा चेहरा खुलतो. पण इंटेलचा आय७-१२५५यू आणि आय५-१२३५यू शेजारी ठेवले, तर दोघांतही दोन जोरकस आणि आठ काटकसरी असे दहाच कोअर. फरक थोड्या गतीचा आणि ग्राफिक्सचा. तेवढ्यासाठी सात-आठ हजार जास्त मोजू नयेत. आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर जास्त बोलतं. ‘यू’ म्हणजे पंधरा वॉटच्या आसपास चालणारा, बॅटरी जपणारा. ‘एच’ म्हणजे पंचेचाळीस वॉटचा, दमदार आणि तितकाच तापणारा. कम्प्युटरच्या विद्यार्थ्याला दोन्ही चालतात. रोज पाठीवर न्यायचा असेल तर मी ‘यू’कडे झुकेन.

एएमडीने तर आकड्यांचं कोडंच घातलं होतं. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांत एका अंकाचा फरक. पण त्या मालिकेत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिला झेन २ वर बेतलेला, म्हणजे २०१९ साली आलेल्या रचनेवर, आणि त्याला चारच कोअर. दुसरा झेन ३ चा, सहा कोअरचा. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ जातीची मेमरी घेतो आणि लॅपटॉपात ती सोल्डर केलेलीच येते. म्हणजे आठ जीबीचा असा लॅपटॉप घेतला तर चारही वर्षं आठच. सेलमध्ये ‘रायझन ५, लेटेस्ट’ म्हणून खपणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांत हा प्रोसेसर हमखास भेटतो. दिसला की पुढे चालू लागा.

मुलांचा खरा जीव असतो तो ग्राफिक्स कार्डात. ‘एआय-एमएल करायचंय, म्हणून गेमिंग लॅपटॉप’ ही मागणी घरात मंजूरही होते, कारण ‘एआय’ शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. यात थोडं तथ्य आहे. न्यूरल नेटवर्क शिकवायला एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी पडतं आणि त्यावरची कूडा ही व्यवस्था दुसऱ्या कुठल्या कार्डावर चालत नाही. पण स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपात मिळणाऱ्या आरटीएक्स २०५० वर मेमरी असते चार जीबी. जरा मोठं मॉडेल त्यात मावतच नाही. दुसरीकडे गूगल कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या टी४ कार्डाची मेमरी सोळा जीबी आहे. तिथे वेळेची मर्यादा असते, कधी कार्ड मिळत नाही, मध्येच सेशन तुटतं, हे खरं. तरी शेवटच्या वर्षाचे पुष्कळसे प्रोजेक्ट तिथेच पार पडतात. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा चार्जर विटेसारखा, आणि वर्गात चार्जिंगच्या जागेवरून भांडणं. सकाळी आठच्या लोकलमध्ये कल्याणहून दादरला हे घेऊन चढणाऱ्याला विचारा. गेम खेळायचेच असतील तर तसं सरळ सांगावं आणि त्यासाठी घ्यावा. तोही गुन्हा नाही.

मॅकबुकबद्दल विचारणारे वाढलेत. मॅकबुक एअर हे यंत्र उत्तम. बॅटरी दिवसभर पुरते, पंखा नसल्यामुळे आवाज नाही आणि टर्मिनल युनिक्सच्या कुळातलं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून एअरचं साधं मॉडेलही सोळा जीबीचं येतं, त्यामुळे आठ जीबीची जुनी तक्रारही मिटली. मात्र जुना साठा म्हणून एखादा आठ जीबीवाला एम१ गळ्यात मारत असतील तर सावध, कारण त्यात रॅम वाढत नाही. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलमध्ये अजून इंटेलच्या एक्स८६ कुळातली असेंब्ली लिहायला लावतात. अ‍ॅपलच्या एम चिप्स एआरएम कुळातल्या, तिथे तो कोड थेट चालत नाही. एम्युलेशनची वाट काढता येते किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये बसून काम भागतं. स्नॅपड्रॅगनवर चालणारे विंडोज लॅपटॉपही एआरएमचेच. बॅटरीला छान, पण कॉलेजात कुठली जुनी सॉफ्टवेअरं लागतात हे सीनियरना विचारल्याशिवाय तिकडे वळू नये.

स्टोरेज ५१२ जीबी, एनव्हीएमई एसएसडी. याहून जास्त त्यावर बोलायचं कारण नाही. एचडीडीवाला नवा लॅपटॉप कुणी देऊ लागलं तर हसून नाही म्हणावं.

पडद्याकडे आणि कीबोर्डकडे मात्र कुणी बघत नाही, आणि चार वर्षं संबंध येतो तो त्यांच्याशीच. फुल एचडी आणि आयपीएस एवढं हवंच. पडदा दिव्याखाली ठेवा, थोडा बाजूने बघा, रंग उडतात का पाहा. १६:१० आकाराचा मिळाला तर सोनं, कोडच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात. कीबोर्डवर उभ्या उभ्या एक परिच्छेद टाइप करा. महिरपी कंस, चौकटी कंस आणि अर्धविराम या किल्ल्या बोटांना सहज सापडतात का? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची बोटं दिवसभर तिथेच फिरतात.

हात आखडता असेल तर जुन्याचाही विचार करावा. कंपन्यांतून लीज संपून परत आलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बाजारात रिफर्बिश्ड म्हणून येतात. दणकट असतात, कीबोर्ड चांगला, आणि पुष्कळशा मॉडेलांत रॅमची पट्टी बदलता येते. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतला घेऊ नये, कारण विंडोज ११ त्याआधीच्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्याला लिनक्सच वापरायचंय त्याने हे फार मनावर घेऊ नये. दुकानात कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा टाइप करा (इंग्रजीत, अर्थातच). एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता असे दोन आकडे मिळतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या. मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा, कारण जुन्या कंपनीचं कुलूप पुढे तुम्हाला निघत नाही.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल, तर बँकांच्या मॉडेल योजनेत अभ्यासक्रमाला गरज असेल तेव्हा संगणकाचा रास्त खर्चही धरता येतो. पुष्कळांना हे ठाऊक नसतं आणि लॅपटॉपसाठी वेगळा, महागडा हप्ता चालू होतो. अर्ज भरतानाच बँकेत विचारा आणि दुकानातून कोटेशन घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको असेल तर थोडं कमी करतो’ या बोलण्याला भुलू नका, वॉरंटीच्या वेळी ते बिलच लागतं.

लॅपटॉप घरी आला की लगेच काही पुसायला, पार्टिशन पाडायला जाऊ नका. पुष्कळशा नव्या विंडोज लॅपटॉपांत डिस्क आधीच एन्क्रिप्ट झालेली असते आणि तिची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती शोधून कागदावर लिहून ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘फोर्क’ हा कॉल वापरायचाय आणि तो विंडोजवर जात्याच नाही. त्यासाठी डब्ल्यूएसएल वापरून विंडोजच्या आतच उबुंटू कसं बसवायचं, ते पुढच्या लेखांकात.